ठाण्यात बाहेर जेवायचं तर आधी उठाव बघा

कासारवडवलीहून एका ताईंनी विचारलं आहे. वर्षभरापूर्वी त्या नाशिकहून ठाण्यात आल्या. घरात नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. महिन्यातून दोन-तीनदा सगळे मिळून बाहेर जेवतात. मोबाईलवर साडेचारच्या वरचे स्टार बघून हॉटेल ठरवतात, दोन-अडीच हजारांचं बिल भरतात आणि परत येताना गाडीत कोणीच जेवणाबद्दल बोलत नाही. ठाण्यात खरंच चांगलं मिळत नाही का, प्रत्येक वेळी दादर-पार्ल्याला जायचं का, आणि हॉटेल निवडायचं कशावरून, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, दादरला जायची काही गरज नाही. ठाण्यात उत्तम खायला मिळतं. तुम्ही हॉटेल निवडता, पण पदार्थ, वार आणि वेळ निवडत नाही, तिथे घोळ होतो. मी बरीच वर्षं एका मोठ्या हॉटेलची खरेदी सांभाळली आणि त्यानंतर नौपाड्यात स्वतःचं केटरिंग करते आहे. मागच्या दाराने काय माल येतो, कोणत्या वारी येतो, किती दिवस फ्रीजमध्ये पडून राहतो, हे रोज बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या स्वयंपाकघरात जो पदार्थ सगळ्यात जास्त खपतो तोच तिथे खावा, आणि ज्या वेळी खपतो त्याच वेळी खावा. धंद्यात आम्ही याला उठाव म्हणतो. उठाव असला की साध्या आचाऱ्याच्या हातचंही चांगलं लागतं. उठाव नसला तर नावाजलेला वस्तादसुद्धा कालचंच गरम करून देतो, कारण त्याच्यापुढे दुसरा इलाज नसतो.

मामलेदार कचेरीजवळची मिसळ घ्या. बाहेरचा पाहुणा आला की ठाणेकर त्याला तिथे नेतात, आणि काही जण ‘आता पूर्वीसारखी राहिली नाही’ म्हणतात. मी अजूनही आवडीने जाते. कचेरीतली, कोर्टातली, स्टेशनवर येणारी-जाणारी माणसं तिथे सतत खात असतात. रस्सा सतत संपतो आणि नव्याने चढतो, फरसाणाला सादळायला वेळच मिळत नाही. मिसळ किती तिखट हवी ते सांगता येतं. सासूबाईंसाठी कमी तिखट सांगा, आणि ती कमी तिखटही नवख्या जिभेला पुरेशी असते हे आधीच लक्षात ठेवा.

वडापावचंही तेच. नौपाड्यातल्या गजाननचं नाव त्याच्या पिवळ्या बेसनाच्या चटणीसाठी आहे, स्टेशनजवळच्या कुंजविहारचं भल्यामोठ्या वड्यासाठी. दोन्हींचे कट्टर चाहते आहेत. माझं मत गजाननकडे झुकतं, कारण ती चटणी वड्याच्या चवीवर चढून बसत नाही. पण दोन्हीकडे खरी गंमत तेलात आहे. घाण्यावर घाणा निघत असतो तेव्हा प्रत्येक घाणा थोडं तेल घेऊन जातो, त्यामुळे कढईत वरचेवर ताजं तेल पडत राहतं. जिथे दिवसाला मोजके वडे जातात तिथे तेच तेल तापतं, गार होतं, पुन्हा तापतं आणि बिघडतं. तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की त्यात ध्रुवीय संयुगं (पोलर कंपाउंड्स) वाढतात; ती 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै 2018 पासून आहे. गिऱ्हाईक काही मोजमाप घेऊन जात नाही, पण डोळ्यांनी कळतं. कढईच्या कडेला फेस धरून राहिला असेल, तेल काळपट-चिकट दिसत असेल, मंद आचेवरही धूर निघत असेल, तर तिथून पुढे चला. घशाला खवखवतं ते नेहमी तिखटामुळेच असं नाही.

आता तुम्ही ज्या हॉटेलांत जाता त्यांच्याकडे वळते. घोडबंदर रोडवरच्या बऱ्याच ‘मल्टिक्युझिन’ हॉटेलांचं मेनूकार्ड पुस्तकाएवढं जाड असतं. पंजाबी, चायनीज, मुघलाई, पिझ्झा, सिझलर, वर कोपऱ्यात मालवणीचं एक पान. एवढं सगळं एका स्वयंपाकघरातून कसं निघतं? सकाळी भंडारी, म्हणजे ग्रेव्ही करणारा आचारी, दोन-तीन मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ही करून ठेवतो. टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी, कांद्याची पिवळी, आणि सोबत कांदा-टोमॅटो परतलेला चॉप मसाला. रात्री ऑर्डर आली की यातलं दोन डाव इकडचं, एक डाव तिकडचं. क्रीम घातलं की लबाबदार, ढोबळी मिरचीचे तुकडे घातले की कढाई, लाल तिखटाची फोडणी दिली की कोल्हापुरी. भरलेल्या हॉटेलात वीस मिनिटांत टेबलावर जेवण द्यायचं तर याशिवाय मार्ग नाही, म्हणून मी याला फसवणूक म्हणत नाही. पण तुम्ही पाच जण तीन वेगवेगळ्या भाज्या मागवता आणि तिन्ही एकसारख्या लागतात, त्याचं कारण हे आहे.

अशा ठिकाणी जायचंच असेल तर पातेल्यातल्या ग्रेव्हीतून होऊ शकत नाही ते मागवा. तंदूरमधलं मागवा, आणि संध्याकाळी साडेसातनंतर, तेव्हा तंदूर पुरता तापलेला असतो. डाळ मागवा, कारण डाळ रोज लागते आणि रोज शिजते. ग्रेव्हीची भाजी एकच सांगा. पनीरचा तुकडा आधी नुसता खाऊन बघा. रबरासारखा ताणला जात असेल किंवा तोंडात मेणचट थर राहत असेल तर पुढच्या वेळी तिथे पनीर नको. चायनीज त्याच हॉटेलात खावं जिथे अर्धी टेबलं चायनीज खाताना दिसतात. मोठ्या आचेवर सतत चालणाऱ्या कढईला जो करपूस वास येतो, तो अधूनमधून पेटवलेल्या कढईला येत नाही.

आणि ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनला ‘तुमच्याकडे चांगलं काय आहे?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर बहुतेक वेळा महागातला पदार्थ असतो, नाहीतर जो आज संपवायचा आहे तो. ‘आज सगळ्यात जास्त काय जातंय?’ असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर तो विचार न करता देतो, आणि ते खरं असतं.

माशांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ठाणे-नवी मुंबईत लोक सगळ्यात जास्त पैसे माशांवर घालवतात आणि सगळ्यात जास्त निराशही तिथेच होतात. आपल्याकडे मासळी खाण्याचे वार ठरलेले आहेत: बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. घरोघरी पाळणूक कमी-जास्त असेल, पण मालवणी खानावळीच्या गल्ल्यावर ती स्पष्ट दिसते. रविवारी दुपारी रांग लागते आणि सोमवारी टेबलं रिकामी. मालक शहाणा असला तर सोमवारसाठी माल कमी घेतो. नसला तर रविवारी उरलेली सुरमई सोमवारी तुमच्या ताटात येते. म्हणून मासे बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी खा, आणि शक्यतो दुपारी. खानावळीचा स्वयंपाक दुपारच्या जेवणासाठी मांडलेला असतो. रविवारी रात्री नऊला पोहोचलात तर कालवण तळाला गेलेलं असतं आणि पाणी घालून वाढवलेलं असतं.

वारांइतकाच ऋतूही बघा. 1 जून ते 31 जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्या दोन महिन्यांत तुम्हाला हॉटेलात पापलेट आणि सुरमई मिळेलच, पण ती बहुतेक बर्फातली असते किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली. बर्फातून काढलेली सुरमई तळल्यावर कोरडी होते, तिचे पापुद्रे सुटण्याऐवजी भुगा होतो. त्या दिवसांत सुकटाची चटणी, सुके बोंबील, जवळा मागवावा. कोकणी घरांत पावसाळ्यात तेच करतात आणि चवीला ते कुठेच कमी नाही. ऑगस्टमध्ये बोटी सुटतात आणि नेमका श्रावण लागतो. तेव्हा बाजारात मासळी ताजी असते पण गिऱ्हाईक कमी असतं. तुमच्याकडे श्रावण पाळत नसतील तर त्या महिन्यात हॉटेलात जाण्यापेक्षा बाजारातून मासे आणून घरीच करा. ताजेपणा आणि भाव दोन्ही तुमच्या बाजूने असतात, पण खानावळीत उठाव नसतो.

बोंबील फ्राय ही स्वयंपाकघराची खरी परीक्षा आहे. ताज्या बोंबलात पाणीच पाणी असतं. तो चिरून, मीठ लावून, वजनाखाली दाबून पाणी काढावं लागतं, तेव्हा तो बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा होतो. घाईत हे दाबणं टाळतात आणि जाड रव्याचं कवच चढवतात. मग चावताना आधी रवा लागतो आणि नंतर पाणी. पहिल्या वेळी नव्या ठिकाणी गेलात तर महागडी थाळी सांगू नका. एक बोंबील फ्राय, एक कालवण, दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि सोलकढी एवढंच सांगा. भाकरी तव्यावरून थेट आली, हाताला चटका बसला, तर स्वयंपाकघरात बाई उभी आहे आणि मागणीप्रमाणे थापते आहे असं समजा.

सोलकढी पंधरा मिनिटं तशीच ठेवून बघा. नारळाचं दूध आणि कोकमाचं आगळ असलेली सोलकढी ठेवली की थर धरते, वर दाटपणा आणि खाली पातळ. चमच्याने ढवळली की पुन्हा एक होते. जी तासभरही एकसारखी गुलाबी राहते तिच्यात नारळ किती असेल याची मला शंका येते. आणि एक कळकळीचं सांगणं: तळहाताएवढं पापलेट ‘फुल पापलेट’ म्हणून थाळीत आलं तर पुढच्या वेळी ते मागवू नका. ते पिल्लू असतं. 2023 साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्याचा मासा म्हणून मान दिला, आणि वाढायच्या आधीच आपण तो खाऊन संपवतो आहोत. मागणी गिऱ्हाइकाने थांबवली तरच हे थांबेल.

उडुपी हॉटेलांबद्दल थोडक्यात: तिथे सकाळी जा. रात्रभर आंबलेलं पीठ सकाळी आठ ते दहा या वेळात आपल्या ऐन चवीला असतं. मेदूवड्याची डाळ तेव्हाच वाटलेली असते, चटणीतलं खोबरं ताजं असतं. संध्याकाळी तेच पीठ आंबट होतं आणि तोच डोसा चिवट लागतो. मुलांना रविवारी रात्री मॉलमध्ये नेण्यापेक्षा रविवारी सकाळी नौपाडा-राम मारुती रोड भागातल्या जुन्या उडुप्याकडे न्या. इडली, डोसा, कॉफी, पाच जणांचं पोट भरतं आणि बिल तुमच्या नेहमीच्या बिलाच्या निम्म्यावरही जात नाही. त्या वेळी घोडबंदर रोडही मोकळा असतो. नंतर तलावपाळीवर एक चक्कर मारा. पंजाबी पदार्थ मात्र त्या उडुप्याकडे मागवू नका, मेनूत असले तरी.

ठाण्याबद्दल माझी एक मनापासूनची तक्रार आहे. ज्यांनी हे गाव वसवलं त्यांचं जेवण हॉटेलांत जवळजवळ नाही. चेंदणी कोळीवाडा स्टेशनला लागून आहे. 1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यालाच आली, तेव्हाही कोळी इथे होतेच. बाळकूम, कोलशेत, कळवा ही आगऱ्या-कोळ्यांची गावं. खारकर आळी, चरई भागात सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचं वालाचं बिरडं, कोलंबीची खिचडी, निनाव, माशांचं भुजणं, आगऱ्यांची वजरी, चिंबोरीचं कालवण, हे सगळं शहरात शिजतं पण घरांत. हॉटेलवाल्यांना वाटतं की याला उठाव येणार नाही, म्हणून ते मेनूत घालत नाहीत. आणि मेनूत नाही म्हणून नव्या माणसाला त्याची ओळखच होत नाही. बिरडं करायचं तर वाल भिजवा, मोड आणा, एकेक सोला. हे काम तासाच्या मजुरीत बसत नाही, हेही खरं आहे.

यावर माझा उपाय असा: घरून ऑर्डर घेणाऱ्या बायका शोधा. ठाण्यात त्या गल्लोगल्ली आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, महिला बचत गटांकडे विचारा, भाजीवालीलाही विचारा. दोन दिवस आधी सांगावं लागतं, पण जे येतं ते तुमच्यासाठी केलेलं असतं. हिवाळ्यात डोंबिवली, नेरूळकडे आगरी-कोळी महोत्सव भरतात, तिथे मुलांना घेऊन एकदा जा. त्याच दिवसांत रायगडकडे कोणी ओळखीचं असेल तर पोपटीचं आमंत्रण मिळवा: वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेल्या. ती हॉटेलात खायची गोष्ट नव्हे. आणि पावसाच्या सुरुवातीला जांभळी नाक्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, कंटोळी, टाकळा अशा रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं घेतलीत तर त्यांच्यासोबत काकडं (आंबट रानफळं) मागून घ्या, नाहीतर घशाला खाज सुटते. करायची रीत त्याच बाईला विचारा, ती नीट सांगते.

आता स्टार. हॉटेल उघडल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांतली मतं मी वाचतच नाही. तेव्हा मालक स्वतः उभा असतो, वस्ताद नवा असतो, व्हिडिओ करणाऱ्यांना बोलावून खाऊ घातलेलं असतं. सहा महिन्यांनी वस्ताद जास्त पगारावर दुसरीकडे जातो आणि चव त्याच्यासोबत जाते, स्टार मात्र तिथेच राहतात. म्हणून अलीकडची मतं वाचा, आणि ज्यात पदार्थाचं नाव घेतलं आहे तीच वाचा. ‘अँबियन्स छान, स्टाफ नम्र’ यातून जेवणाचं काही कळत नाही. ‘बुधवारी दुपारी तिसऱ्या (शिंपल्या) खाल्ल्या, वाळू लागली’ असं कोणी लिहिलं असेल तर ते सोन्यासारखं आहे. शक्य झालं तर त्याहून सोपं करा: जेवणाच्या वेळी हॉटेलात शिरा आणि लोकांच्या ताटांत काय आहे ते एकदा फिरून बघा. कोणी हटकत नाही.

बिलाबद्दलही विचारलं नसताना सांगते, कारण कुटुंबाच्या खर्चात फरक पडतो. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के आहे. कंपोझिशन योजनेतलं (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) छोटं हॉटेल तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवले. लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा. नाही काढला तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पाण्याच्या बाटलीवर मात्र वाद घालू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला हॉटेलांना मुभा आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला आहे. साधं पाणी मागा, ते मिळतं. वाचलेल्या पैशांतून वाढणाऱ्या पोऱ्याच्या हातात थेट काहीतरी ठेवा, तो दिवसभर उभा असतो.

पाच जणांची ऑर्डर एकदम देऊ नका. स्टार्टरची दोन ताटं आली की मुलांची पोटं तिथेच भरतात आणि मुख्य जेवण पार्सल होऊन घरी येतं. आधी निम्मं मागवा, मग लागेल तसं सांगा. सासूबाईंना तिखट चालत नसेल तर ‘कमी तिखट करा’ म्हणून ग्रेव्हीचा पदार्थ सांगू नका. ग्रेव्हीतलं तिखट सकाळीच पडलेलं असतं, वरून फक्त क्रीम घालून देतात. त्यांच्यासाठी ऑर्डरप्रमाणे होणारं काहीतरी सांगा: वरण-भात, मुगाची खिचडी, थालीपीठ, साधा डोसा. राम मारुती रोड किंवा गोखले रोडला जायचं असेल तर सव्वासातला टेबलावर बसलेलं असायला हवं. साडेआठला फुटपाथवर तासभर त्यांना उभं करून मग जेवायला बसवलं तर पंचपक्वान्नंही गोड लागणार नाहीत.

राहिलं घरी मागवायचं. कासारवडवलीला नौपाड्यातून पार्सल यायला पाऊण तास धरा. त्यात भजी, डोसा, तंदुरी रोटी, बोंबील फ्राय मऊ पडणारच, ते मागवू नका. बिर्याणी, कालवण, डाळ, भात हे प्रवास सोसतात, बिर्याणी तर बंद डब्यात उलट मुरते. मिसळ मागवली तर फरसाण वेगळं बांधून द्यायला सांगा. पोळ्या-भाकऱ्या घरी करा आणि फक्त कालवण बाहेरून आणा. बुधवारी संध्याकाळी मी स्वतः असंच करते.